रेघ तुटली तर उचलू नका

दर महिन्याला एक तरी फोन येतो. "वयनी, होजचं दुकान टाकायचंय, मशीन कोनचं घेऊ?" विचारणारा बहुतेक वेळा नात्यातला, नाहीतर नात्यातल्याच्या ओळखीचा. जमीन गोडाऊनला दिलेली असते, हातात थोडा पैसा खुळखुळत असतो आणि दारावरून दिवसभर जेसीबी नि फोर्कलिफ्ट जाताना दिसतात. मी म्हणते, चहाला या, फोनवर सांगण्यासारखं ते नाही. कारण मशीन निवडण्यातलं मला जे काही कळतं, ते मी एक मशीन अगदी बरोबर निवडून, त्यानंतर घातलेल्या घोळातून शिकले आहे. तो घोळ आज इथे लिहिते. ह्यांची परवानगी घेतली. "लिव, पन माझा नाव घालू नको," म्हणाले. दोन मिनिटांनी परत आत आले आणि म्हणाले, "घातलास तरी चालंल."

तर माझ्या नवऱ्याचं नाव दामोदर. भिवंडीजवळ दापोड्याच्या रस्त्याला आमचं हायड्रॉलिक होजचं दुकान आहे. ज्यांना होज म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. फोर्कलिफ्टचे दात वर जातात, जेसीबीचा हात वाकतो, ट्रॉली मागून उचलून माल ओतते, हे सगळं दाबाखालच्या तेलाच्या जोरावर. ते तेल ज्या रबरी नळीतून धावतं तो होज. वरून साधा काळा पाइप दिसतो, पण आत पोलादी तारेची जाळी असते. दोन्ही टोकांना लोखंडी तोंड बसवायचं, त्याला आम्ही निपल म्हणतो. निपल आत, होज त्याच्यावर आणि होजच्या वरून एक लोखंडी टोपी. ती टोपी इतकी आवळायची की तिन्ही मिळून एकच वस्तू झाली पाहिजे. तेल आतून ढकलत असतं आणि निपलला बाहेर फेकायला बघत असतं. त्याला धरून ठेवायचं, एवढाच आमचा धंदा.

आवळायच्या मशीनला बाजारात सरसकट स्वेजिंग मशीन म्हणतात. खरं तर त्यात दोन जाती. एकात होजचं टोक टोपीसकट एका अरुंद कडीतून ढकलतात, साबण लावून बांगडी चढवावी तसं, आणि टोपी बारीक होऊन बसते. दुसऱ्यात आठ पोलादी दाढा गोल बसवलेल्या असतात आणि त्या चहूबाजूंनी एकदम मिटतात. मोदकाच्या कळ्या वर नेऊन मिटाव्यात तशा. आमच्याकडे आहे ते हे दुसरं. जाणकार त्याला क्रिम्पिंग म्हणतात. आमच्या रस्त्यावर दोन्हीला स्वेजिंगच म्हणतात आणि त्यावरून कुणाशी भांडून होज विकला जात नाही.

ह्यांनी दुकान काढलं तेव्हा हातपंपाचं मशीन घेतलं, तेही वापरलेलं. दांडा वरखाली करायचा, तेल दाब धरतं, दाढा मिटतात. वीज लागत नाही. ह्यांनी पंधरा वर्षं तो दांडा मारला. मी आधी गल्ल्यावर बसायचे, मग होज कापायला लागले, मग टोकाचं रबर सोलायला. सोलणं मला ह्यांच्यापेक्षा चांगलं जमतं, हे ह्यांनी लोकांसमोर कधी कबूल केलं नाही, पण अवघड होज आला की गुपचूप माझ्याकडे सरकवायचे.

मग ह्यांचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी दांडा मारायचा नाही म्हणून निक्षून सांगितलं. मी दांडा धरला. बारीक होजला चालून जायचं, पण जाड चार तारांचा होज आला की मला अक्षरशः दांड्याला लोंबकळावं लागायचं. गिऱ्हाईक तोंड फिरवून हसायचं. हे हसायचे नाहीत, खुर्चीत बसून छताकडे बघायचे, आणि ते मला जास्त लागायचं.

विजेवर चालणारं मशीन घ्यायचं ठरलं. ह्यांना हवं होतं सगळ्यांत मोठं, दोन इंची होज गिळणारं. "येकदाच घ्यायचाय तं हत्ती घेऊ," असं ह्यांचं म्हणणं. सलीमभाई तेव्हा दुकानात बसले होते. सलीमभाई म्हणजे कामतघरचे फोर्कलिफ्टचे मिस्त्री. वडील आझमगढहून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला आले, सलीमभाई लूम सोडून स्पॅनर हातात घेऊन बाहेर पडले. वळ-दापोड्याच्या पट्ट्यातल्या निम्म्या गोडाऊनच्या गाड्या त्यांच्या हातून जातात. ते ह्यांना म्हणाले, "दामूभाय, हाथी लेने से पहले ये तो देखो, दरवाजे पे आता क्या है."

ती गोष्ट मी मनावर घेतली. गिऱ्हाईक नमुना म्हणून फुटका होज घेऊन येतं आणि नवा घेऊन जातं, जुना आमच्याकडेच पडतो. मी दुकानामागे तीन पिंपं ठेवली. बारीक होज एकात, मधले दुसऱ्यात, जाडजूड तिसऱ्यात. महिनाभर कुणाला काही बोलले नाही. महिन्याने पहिलं पिंप ओसंडून वाहत होतं, दुसरं अर्ध्यावर आलं होतं, आणि तिसऱ्यात दोन होज आणि त्यांच्यावर झोपलेलं मांजर. ह्यांना मागे नेऊन दाखवलं. ह्यांनी मांजराकडे बराच वेळ पाहिलं. हत्तीचा विषय तिथे मिटला.

दुसरी गोष्ट माझी मी शिकले. गोडाऊनमध्ये ट्रक लावतात तिथे एक लोखंडी फळी वरखाली होते, तिच्या होजना काटकोनात वाकलेली तोंडं असतात. काही मशीनच्या जबड्यात ती शिरतच नाहीत. मी पिशवी भरून वाकडी तोंडं घेऊन मुंबईला शोरूममध्ये गेले आणि प्रत्येक मशीनच्या जबड्यात एकेक घालून बघितलं. तिथला माणूस आधी हसला. तिसऱ्या मशीनमध्ये त्याने स्वतः घातलेलं तोंड अडकलं, तेव्हा त्याने मला बसायला खुर्ची दिली. मधल्या ताकदीचं, पुढून मोकळ्या जबड्याचं, आकडा लावला की तितकंच मिटून आपोआप थांबणारं मशीन घेतलं. आज पुन्हा घ्यायचं झालं तरी तेच घेईन. एवढं अभिमानाने सांगून झालं, आता पुढचं.

माघी गणपतीला मशीन आलं. हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. आणि ह्यांनी आपली वही नव्या मशीनशेजारी खिळ्याला अडकवली.

ही वही म्हणजे ह्यांचं सगळं शिक्षण. कोणत्या होजला कोणती दाढ, काट्यावर कोणता आकडा, पंधरा वर्षांत घासून पुसून काढलेलं. पानांना तेलाचा वास. खांदा गेल्यावर ह्यांच्याकडे धंद्यातलं दुसरं काही उरलं नव्हतं. मी होज सोलून तयार ठेवायचे, हे चष्मा लावून वहीतला आकडा मोठ्याने वाचायचे, मी तो लावायचे, बटण दाबायचे. पुन्हा दोघांचं काम सुरू झालं म्हणून मी इतकी खूश होते की दुसरं काही डोक्यात आलंच नाही. कंपनीने मशीनबरोबर स्वतःचा तक्ता दिला होता. तो आम्ही पेढ्यांच्या खोक्यात घालून ठेवला.

आता माझी एक सवय सांगायला हवी. होज तयार झाला की मी टोपीवरून रबरावर नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढते. अर्धी लोखंडावर, अर्धी रबरावर. होज आतून सरकायला लागला तर रेघ तुटते, दोन तुकडे एकमेकांपासून लांब जातात. फुटण्याआधी कळतं. सुरुवातीला हे म्हणायचे, होजला नटवतंस काय गो? पण गिऱ्हाईकं आमचा माल त्या रेघेवरून ओळखायला लागली तेव्हा बोलायचे थांबले. होज हातात देताना मी प्रत्येकाला सांगायचे, "रेघ तुटली तर उचलू नका." तिकीट देताना कंडक्टर जितक्या भावनेने बोलतो तितक्याच भावनेने. अर्धा चेहरा पुढच्या गिऱ्हाइकाकडे.

नवं मशीन चालू करून दहावा दिवस होता. सलीमभाई पेपरात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. टेबलावर ठेवलं, उघडलं. आमचा अर्ध्या इंचाचा होज. टोपी आणि निपल एकीकडे, रबर एकीकडे. नुसतं उपटून बाहेर आलेलं.

"भाभी, ये लकीर आपकी है ना?"

अर्धी लाल रेघ टोपीवर होती, अर्धी रबरावर. मी म्हटलं, माझीच.

वळ गावच्या एका गोडाऊनमधल्या फोर्कलिफ्टवर तो होज होता. वर माल असताना निसटला, दात पुढे झुकले आणि खोकी खाली आली. खाली उभा असलेला माणूस नुकताच पाणी प्यायला बाजूला गेला होता. सलीमभाईंनी एवढंच सांगितलं आणि पिशवीतून व्हर्नियर काढला. व्हर्नियर म्हणजे जाडी मोजायची पोलादी पट्टी, केसाइतका फरक दाखवते. आमच्याकडेही होती, कपाटात, डबीत. ह्यांचा तिच्यावर विश्वास नव्हता. "हाताला कलतं," म्हणायचे, आणि जुन्या मशीनवर ह्यांच्या हाताला खरंच कळायचं.

सलीमभाईंनी टोपी मोजली. मग आमच्या रॅकवरचे तयार होज एकेक काढून मोजले. सगळ्या टोप्या हव्या त्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरने जाड, म्हणजे तेवढ्याने सैल. अर्धा मिलिमीटर म्हणजे वाचणाऱ्याला काहीच वाटणार नाही. आमच्यात तो फार मोठा असतो. असा होज दाब देऊन तपासला तर त्या वेळी टिकतोही, आणि मग कामावर धक्के खाऊन खाऊन आतल्या आत सरकत राहतो.

"मशीनच खराब आलाय," हे म्हणाले. "माझा आकडा चुकंल कसा? पंधरा वर्सं यो आकडा चालतंय."

मी वहीतला तोच आकडा नव्या मशीनवर लावून एक टोपी आवळली. सैल. मग कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवरचं फडकं काढलं, तिथे तोच आकडा लावला आणि दांडा मारला. मोजलं. अगदी बरोबर.

मग तिघांनाही कळलं. जुनं मशीन झिजलेलं होतं. काटा दाखवायचा त्यापेक्षा ते अर्धा मिलिमीटर जास्तच मिटायचं. ह्यांनी कधीतरी, अंदाजाने, अनुभवाने, आपल्या आकड्यात तेवढी भर घातली होती. नवं मशीन बिचारं प्रामाणिक, सांगितलं तेवढंच मिटत होतं. आकडा खोटा नव्हता, तो दुसऱ्या मशीनचा होता. आणि मी, पिशवीभर वाकडी तोंडं घेऊन शोरूमभर फिरलेली शहाणी, दहा दिवसांत एकदाही व्हर्नियर बाहेर काढला नव्हता. नवऱ्याचा आकडा मोजून बघणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं मला कुठेतरी वाटत होतं. ते खरं कारण आहे आणि ते लिहिताना आजही लाज वाटते.

ह्यांनी खिळ्यावरची वही काढली. मला वाटलं फाडतात. मिटून कडेला ठेवली आणि विचारलं, "किती गेले?"

एकतीस. नव्या मशीनवर केलेले एकतीस होज बाहेर गेले होते. एक टेबलावर होता. म्हणजे तीस होज भिवंडीभर कुठे कुठे माल उचलत होते, आणि खाली कोण उभं होतं ते आम्हाला माहीत नव्हतं. सलीमभाई उठले. "मैनेजर से मैं बात करता हूँ. आप लोग बाकी के पीछे जाओ."

मी म्हटलं, त्यांना सांगा चूक आमची आहे. ते म्हणाले, "वो तो बोलूँगा ही, भाभी. आपका नाम छुपाने थोड़ी आया हूँ." सलीमभाईंचा हा स्वभाव मला फार आवडतो.

दुकानाचं शटर ओढलं. कंपनीचा तक्ता पेढ्यांच्या खोक्यातून काढला, प्रत्येक टोपी मोजत त्या रात्रीपर्यंत नवे होज केले आणि सकाळी भाड्याचा टेम्पो घेऊन निघालो. सलीमभाईंनी मिस्त्री लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, लाल लकीर जिधर दिखे, गाड़ी बंद करो, फोन करो. फोन यायला लागले. कुणाचा "भाभी, एक इधर है", कुणाचा "वयनी, दोन सापडले, पन मालक गाडी बंद करत न्हाय, तुमी बोला."

जाऊ तिथे हे टेम्पोतून आधी उतरायचे. मी बोलायला तोंड उघडायच्या आत सांगायचे, "आकडा माझा चुकला. होज बदलून देतंय." ज्या माणसाने घरात स्वतः केलेल्या आमटीत मीठ जास्त झालं तरी कधी कबूल केलं नाही, तो पंचवीस ठिकाणी हे वाक्य बोलला. एका मॅनेजरने आम्हाला उन्हात उभं ठेवून सगळ्यांसमोर पाणउतारा केला आणि पुन्हा कधी काम दिलं नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या एकाने चहा पाजला. "माल खराब देनारे पुष्कल बगले, परत मागाया येनारे पैलेच," म्हणाला, आणि आजही त्याची सगळी कामं आमच्याकडे आहेत.

तीन दिवसांत एकोणतीस होज परत आले. त्यांतल्या चारांची रेघ तुटलेली होती. स्पष्ट, हातभर लांबून दिसेल अशी. आणि चारही गाड्या चालू होत्या. माझं ते वाक्य ते होज नेणाऱ्या चौघांनीही ऐकलं होतं. एकाला विचारलं तर म्हणाला, "हा, तुमी कायतरी बोल्ला होतात." मला राग आला आणि लगेच गेलाही, कारण मी ते कसं बोलायचे ते मला माहीत होतं.

एक होज उरला होता.

तो नेणारा माणूस मला आठवत होता. साठीच्या पुढचा, काटक, अंगात खाकी शर्ट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा होज हवा होता. त्याआधी कधी आमच्या दुकानात आलेला नव्हता. नाव विचारलं नव्हतं, फोन घेतला नव्हता. त्याला माझा नंबर दिला होता की नाही तेही आठवेना. एवढंच लक्षात होतं की होज बांधून देईपर्यंत तो बोलला होता, आमच्या पाड्यावर नाल्याला बांध घालतात, त्याची माती वाहायची आहे. ट्रॉलीचा होज सगळ्यांत वाईट. ट्रॉली वर उचलतात, ओली माती तळाला चिकटते, आणि ती खरवडायला माणूस बिनदिक्कत उचललेल्या ट्रॉलीखाली वाकतो. त्या रात्री मी झोपले नाही. ह्यांनीही कूस बदलली नाही, म्हणजे तेही जागेच होते.

चौथ्या दिवशी सकाळी ह्यांनी टेम्पोवाल्याच्या मदतीने जुनं हातपंपाचं मशीन गाडीत चढवलं. मी विचारलं, हे कशाला? "डोंगराकडं लाइट असंल नसंल. आनि लांबी ठाव न्हाय, तितंच बनवाय लागंल." व्हर्नियरची डबी खिशात घातली. वहीही घेतली.

डोंगरातल्या पाड्यांचे रस्ते अंबाडी नाक्यावरून फुटतात. तिथे चहाच्या टपरीपासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारलं, कोणत्या पाड्यावर नाल्याचं काम चालू आहे? दोन पाड्यांवर जाऊन परत आलो. एकीकडे बांध होता पण ट्रॉली नव्हती. तिसऱ्या पाड्याचा रस्ता डोंगराच्या कडेने कच्चा होता. वळणावर आधी नाला दिसला, मग अर्धवट बांध, त्याच्यावर कुणीही नाही. चालू असायला हवं ते काम बंद का?

पुढे चिंचेखाली ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉली खाली, जमिनीला टेकलेली. बाजूला खाकी शर्टातला तो माणूस विळीला धार लावत बसला होता. हातपाय धड. मी टेम्पोतून उतरले आणि तिथेच उभी राहिले.

त्याने मला ओळखलं. विळी ठेवून उठला. "बाय, तू आलीस? मी सुकरवारी बाजारला उतरनार होतू तुझ्याकडं."

त्याचं नाव लहानू. ट्रॅक्टर त्याचा नव्हता, पाड्यावरच्या बायकांच्या बचत गटाचा. लहानूदादा फक्त चालवायचे. आम्ही बोलेपर्यंत गटातल्या चारपाच जणी जमल्याच, आणि त्यांच्यातली एक वयस्कर बाई माझ्याकडे बघून कडाडली. "तूच का ती नेलपालीसवाली? येनं चार दिस टॅक्टर बंद ठेवलाय तुझ्या रेघंपायी! आमची सगली कामा खोलंबली. बोलतो, रेघ तुटली. अरं, पायप कुठं तुटलाय? तेल कुठं गलतंय?"

मी ट्रॉलीखाली वाकून पाहिलं. होज कोरडा ठणठणीत. टोपी जागेवर. फक्त लाल रेघेचे दोन तुकडे, त्यांच्यात गव्हाच्या दाण्याएवढं अंतर. आणखी दोनचार खेपा गेल्या असत्या तर सुटलाच असता.

"कधी तुटली?" मी विचारलं.

"सोमवारी," लहानूदादा म्हणाले. "माती चिकटली होती, खरवडाय खाली जात होतू. जायच्या आदी रेघ बगली. तुटलेली होती. त मग न्हाय गेलू. ट्रॉली हलूच खाली घेतली, परत उचललीच न्हाय."

"रोज बघता रेघ?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी काहीतरी विचित्र विचारलं आहे. "तूच बोललीस ना बाय, रेघ तुटली त उचलू नको. मंग बगाय नको?"

मला रडू आलं. लपवलं नाही, लपवता आलंही नाही. एकतीस होज देताना मी ते वाक्य पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघत फेकलं होतं, आणि या एका माणसाने ते उचलून घेऊन इतक्या लांब डोंगरात आणलं होतं. गटातल्या बायकांची बोलणी खाल्ली, चार दिवसांची मजुरी सोडली आणि माझा शब्द पाळला. हे पुढे आले. पंचवीस वेळा बोललेलं वाक्य आता सोपं जायला हवं होतं, पण ह्यांनी आधी चष्मा काढून पुसला.

"दादा, आकडा माझा चुकला. होज सैल ऱ्हायला."

लहानूदादांनी हात हलवला. "चुकला त चुकला," ते म्हणाले. "सांगाय आलास ना?"

ती कडाडणारी बाई दुसऱ्या एकीला म्हणाली, "पानी आन गो यांना."

जुनं मशीन चिंचेखाली उतरवलं. वीज नव्हतीच. मी होज कापला, सोलला, निपल घातलं, टोपी चढवली. ह्यांनी चष्मा लावून वही उघडली आणि आकडा वाचला. तोच आकडा. ज्या मशीनसाठी लिहिला होता, त्याच मशीनवर. मी लावला आणि दांडा धरला. शेवटच्या टप्प्यावर मला लोंबकळावं लागलं तेव्हा त्या वयस्कर बाईने माझ्या हातावर हात ठेवून जोर लावला. दाढा मिटल्या. ह्यांनी स्वतः, आयुष्यात पहिल्यांदा, व्हर्नियर धरला. डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत जवळ आणला.

"बरोबर हाय," म्हणाले, आणि व्हर्नियर माझ्या हातात देऊन मलाही बघायला लावलं.

रेघ ओढायला गेले तर नेलपॉलिशची बाटली दुकानातच राहिली होती. बायकांच्यात हसाहशी झाली. एक सून घरात धावत गेली आणि गुलाबी बाटली घेऊन आली, आत चमकी असलेली. दोन्ही टोकांना गुलाबी चमकीच्या रेघा ओढल्या. लहानूदादांनी होज बसवला. आम्हा सगळ्यांना हाताने मागे सारलं, आणि ट्रॉली मातीसकट वर उचलली. माती सळसळत ओतली गेली. ट्रॉली खाली घेतली, इंजिन बंद केलं, आणि आधी जाऊन रेघ बघितली.

त्या दिवसाला आता चार वर्षं झाली. वही आजही दुकानात आहे. ह्यांनी तिच्यावर मोठ्या अक्षरात 'जुन्या मशीनची' असं लिहिलं आहे आणि ती जुन्या मशीनशेजारीच टांगलेली असते. नव्या मशीनची वेगळी वही केली, तिच्यातला प्रत्येक आकडा मोजून लिहिलेला. मोजायचं काम ह्यांचं. मोजल्याशिवाय ते मला होज रॅकवर ठेवू देत नाहीत, आणि खंडेनवमीला दोन्ही मशीनबरोबर व्हर्नियरलाही फूल वाहतात. सलीमभाई त्यावरून त्यांना चिडवतात.

मशीन कोणतं घ्यायचं ते विचारायला येणाऱ्यांना मी तीन पिंपं ठेवायला सांगते. वाकड्या तोंडांची पिशवी नेऊन जबड्यात घालून बघायला सांगते. वीज जिथे नसते तिथलं काम करायचं असेल तर हातपंपाचं मशीन विकू नका म्हणून सांगते. आणि मशीन बदललं की आकडे बदलतात, हे सांगताना ह्यांच्याकडे बघत नाही. ते स्वतःच पुढचं सांगतात.

एक बदल मात्र माझ्यात झाला. होज देताना मी वाक्य बोलते आणि होज सोडत नाही. गिऱ्हाइकाने मान वर करून ते परत म्हणून दाखवायचं, मग सोडते. गेल्या आठवड्यात एक टिपरवाला, म्हणजे माती ओतणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर, घाईत होता. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. "काय वयनी, शाला हाय का ही?" म्हणून हसला.

"हो," मी म्हटलं. "म्हणा."

त्याने मागे उभ्या असलेल्या लोकांकडे पाहिलं, मग होजवरच्या रेघेकडे, मग माझ्याकडे. हसणं थांबवलं.

"रेघ तुटली तं उचलायचा न्हाय," तो म्हणाला.

मी हात सोडला.